मुंबईच्या सहलीत शोधायची जुनी किनाररेषा

शाळेची सहल मुंबईला न्यायची ठरली की स्थळांची यादी करायला फारसा वेळ लागत नाही. गेटवे ऑफ इंडिया, वस्तुसंग्रहालय, राजाबाई टॉवर (बहुधा बसच्या खिडकीतूनच), मरीन ड्राइव्ह, हँगिंग गार्डन, समोरचा म्हातारीचा बूट, महालक्ष्मी, हाजीअली आणि वेळ उरला तर वरळीचे नेहरू तारांगण. या यादीबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. ही स्थळे पाहण्यासारखीच आहेत. परंतु एका स्थळाचा दुसऱ्याशी काही संबंध आहे, असे मुलांना क्वचितच कळते. वास्तविक ही सगळी स्थळे एकाच प्रश्नाच्या दोरीत ओवता येतात. बसमधून उतरल्यावर प्रत्येक ठिकाणी मुलांना एवढेच विचारावे: आपण उभे आहोत तिथे दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी जमीन होती की पाणी?

मुंबई सात बेटांची होती, हे पाठ्यपुस्तकात असते. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही ती नावे. यातली मेख अशी की सात हा आकडा भरतीच्या वेळचा आहे. ओहोटीला मधल्या खाड्यांपैकी बऱ्याच उघड्या पडत आणि चिखल तुडवत पलीकडे जाता येई. चिखलाचे पाय जिथे धुवायचे ती पायधुणी, असे त्या नावाचे स्पष्टीकरण देतात. उमरखाडी हे नाव तर स्वतःच साक्ष देते. आज या दोन्ही जागा भर वस्तीत आहेत आणि तिथून समुद्र दिसतही नाही. म्हणजे मुंबईचा भूगोल दिवसातून चार वेळा बदलत असे, आणि पुढच्या अडीचशे वर्षांचा इतिहास हा तो बदल थांबवण्याच्या खटपटीचा इतिहास आहे.

पहिला थांबा गेटवेचा घेऊ. जुने मुंबईकर या जागेला पालवा बंदर म्हणत. इंग्रजांनी त्याचे अपोलो बंदर केले. १९११ च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज बादशहा इथे उतरला तेव्हा कमान नव्हतीच, नुसता पुठ्ठ्याचा नमुना होता. पायाचा दगड त्याच वर्षी ३१ मार्चला बसवलेला होता, पण आधी समुद्र हटवून भराव टाकायचा होता आणि धक्क्याची भिंत बांधायची होती. प्रत्यक्ष पायाचे काम १९२० मध्ये संपले आणि जॉर्ज विटेटने आराखडलेली कमान ४ डिसेंबर १९२४ रोजी खुली झाली. म्हणजे आपल्या प्रश्नाचे उत्तर इथे सरळ आहे: पाणी.

इथे मुलांनी कमानीपेक्षा धक्क्याच्या पायऱ्या पाहाव्यात. किती पायऱ्या ओल्या आहेत, शेवाळ कुठवर चढले आहे, शिंपल्यांचा पट्टा कुठे संपतो, याची वहीत नोंद करावी. मुंबईला अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती आणि ओहोटीच्या पातळ्यांत चार मीटरांहून अधिक फरक पडतो. गोव्याला तोच फरक दोन मीटरांच्या आसपास असतो आणि खंभातच्या आखातात भावनगरला दहा मीटरांच्या घरात जातो. उत्तरेकडे जावे तसा समुद्रतळाचा उथळ पट्टा रुंद होतो आणि पुढे आखात नरसाळ्यासारखे चिंचोळे होते, म्हणून पाणी असे चढत जाते. मुंबई या दोहोंच्या मधली. गोव्याइतकी भरती असती तर मुंबईची बेटे जोडणे कदाचित इतके अवघड गेले नसते.

भरतीची वेळ काढण्याचा कोकण किनाऱ्यावरचा हिशेब मुलांना जरूर सांगावा: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. पंधराव्या तिथीला सव्वाअकरा. हा हिशेब का चालतो? चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो आणि भरतीही तेवढीच मागे सरकते. पाऊण म्हणजे ४५ मिनिटे. खऱ्या ५० मिनिटांच्या जवळची आणि तोंडी गुणायला सोपी संख्या. अर्थात चूक तासभरापर्यंत जाऊ शकते. सहलीच्या दिवशीची तिथी पाहून उत्तर काढावे, मग वर्तमानपत्रातल्या वेळेशी ताडून पाहावे. घड्याळ आणि छापील कोष्टक नसताना ज्यांची मासेमारी चालत होती त्यांना एवढी अचूकता पुरेशी होती. बंदर चालवणाऱ्यांना ती पुरणारी नव्हती.

म्हणूनच अपोलो बंदरावर भरतीमापक यंत्र बसले. कल्पना साधी आहे. एका उभ्या विहिरीत समुद्राचे पाणी छोट्या छिद्रातून येते, त्यामुळे लाटांची खळबळ आत पोचत नाही, फक्त पातळी पोचते. आतला तरंगता गोळा वरखाली होतो आणि घड्याळाच्या गतीने फिरणाऱ्या कागदावर लेखणी रेघ काढते. १८७८ पासूनची मुंबईची ही नोंद हिंदी महासागराच्या किनाऱ्यावरील सर्वांत दीर्घ नोंदींपैकी एक आहे. ती ठेवणाऱ्यांना हवी होती जहाजांसाठी भरतीची भाकिते. शंभर वर्षांनी तीच भेंडोळी वेगळ्याच कामाला आली. रोजच्या चढउताराची सरासरी काढली की समुद्राची पातळी स्वतःच किती चढली हे कळते. मुंबईला ती विसाव्या शतकात वर्षाला सुमारे ०.८ मिलिमीटर या वेगाने चढली, म्हणजे शतकात आठ सेंटिमीटर. १९९३ पासूनच्या उपग्रहीय मापनांनुसार उत्तर हिंदी महासागरात हा वेग वर्षाला तीन मिलिमीटरांच्या वर गेला आहे. जागतिक तापमानवाढीची चर्चा वर्गात करताना हे आकडे परदेशी पुस्तकातून आणण्याची गरज नाही. ते गेटवेच्या अंगणातले आहेत.

जहाजांची दुसरी गरज होती वेळेची. भर समुद्रात रेखांश काढायचा तर बरोबरच्या घड्याळाची चूक बंदर सोडण्यापूर्वी ठाऊक हवी. यासाठी १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने कुलाब्याला वेधशाळा उभारली. सहलीत आत शिरता येईल अशी ती जागा नाही, पण तिची हकीकत बसमध्ये सांगण्यासारखी आहे. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे या वेधशाळेची सूत्रे होती, आणि पुढे लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू म्हणून प्रसिद्ध झालेले केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी इथेच नोकरी केली. १८४१ पासून इथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मापने सुरू झाली. टांगलेल्या चुंबकाचे वळणे दुर्बिणीतून डोळ्यांनी पाहायचे आणि वहीत लिहायचे, दिवसरात्र. १८५९ च्या २ सप्टेंबरला त्या वहीत विलक्षण आकडे पडले. आडव्या दिशेचे चुंबकीय क्षेत्र एकाएकी सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी कोसळले. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावर एक प्रखर झोत पाहिला होता; त्याचाच हा परिणाम. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लाखिना आणि सहकाऱ्यांनी कुलाब्याच्या जुन्या नोंदी तपासून त्या वादळाच्या तीव्रतेचा अंदाज बांधला. आज उपग्रह आणि विजेची जाळी यांना असल्या वादळाचा केवढा धोका आहे, याचा हिशेब करताना जगभरचे शास्त्रज्ञ ती मापने वापरतात. रात्रपाळीला जागून आकडे लिहिणाऱ्या त्या माणसांचे ऋण मोठे आहे.

मुंबईत विजेची ट्राम आणण्याचे ठरले तेव्हा तिच्या प्रवाहांनी ही नाजूक मापने बिघडणार हे उघड होते. संचालक नानाभाई मूस यांनी खाडीपलीकडे अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभारली. तिच्या इमारतींना पोरबंदरचा दगड वापरला, कारण आपला काळा बेसाल्ट स्वतःच चुंबकीय असतो. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकदम मापने घेऊन नोंदींचा सांधा जुळवला आणि मगच १९०७ मध्ये मुंबईच्या रस्त्यावर विजेची ट्राम धावली. एका शहराने ट्रामसाठी थांबावे की शास्त्राने जागा बदलावी, हा वाद इथे किती शहाणपणाने सुटला!

आता ओव्हल मैदानावर या. इथे बस थांबवून मुलांना मैदानाच्या मधोमध उभे करावे, ही माझी आग्रहाची सूचना आहे. पूर्वेला विद्यापीठ, राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय: टोकदार कमानींच्या, १८७० च्या दशकातल्या दगडी इमारती. पश्चिमेला गोलसर सज्जांची, १९३० च्या दशकातली काँक्रीटची घरे. मध्ये फक्त एक मैदान, पण काळाचे अंतर साठ वर्षांचे. २०१८ मध्ये युनेस्कोने या दोन्ही रांगांना मिळून जागतिक वारसा ठरवले. दगडी इमारती बांधल्या तेव्हा त्यांच्यासमोर मैदान, त्यापलीकडे रेल्वेचे रूळ आणि लगेच समुद्र होता. पश्चिमेची रांग आहे ती समुद्र हटवून मिळालेल्या जमिनीमुळे. जुनी किनाररेषा मुंबईत इतकी स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही.

राजाबाई टॉवरच्या पैशांतही समुद्र आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. हा पैसा समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांत शिरला. बॅक बे कंपनीचे शेअर दर्शनी किमतीच्या कित्येक पटींनी विकले गेले. या उलाढालीचे अग्रणी प्रेमचंद रायचंद यांनी मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये देऊन आईचे नाव दिले. युद्ध संपले, कापूस घसरला, १८६५ मध्ये शेअरबाजार कोसळला आणि भराव अर्धवट राहिला. मनोरा मात्र १८७८ मध्ये पुरा झाला. उंची ८५ मीटर.

त्या मनोऱ्यावरचे घड्याळ पुढे भांडणात सापडले. मुंबईचा रेखांश सुमारे ७२ अंश ५० मिनिटे पूर्व. भारतीय प्रमाणवेळेचा रेखांश ८२ अंश ३० मिनिटे. फरक ९ अंश ४० मिनिटे, आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणून मुंबईची सूर्यावरची वेळ प्रमाणवेळेच्या जवळजवळ ३९ मिनिटे मागे. आगगाड्या मद्रासच्या वेळेने चालत; तीही मुंबईच्या अर्धा तास पुढे. १८८१ मध्ये सरकारने मद्रासवेळ लादून पाहिली, पण लोकांच्या विरोधापुढे दोन वर्षांत माघार घेतली. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ आली, तरी मुंबईतल्या अनेकांनी 'मुंबई टाइम' स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे सोडला नाही. या विरोधाला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. पण गिरणीचा भोंगा एकाएकी ३९ मिनिटे आधी वाजला तर कोणाची झोप कमी होते, हेही मुलांना विचारावे.

मरीन ड्राइव्ह मात्र वेगळ्या अर्थाने शिकवणारे आहे. १९२० च्या दशकात गव्हर्नर जॉर्ज लॉइडने अर्धवट राहिलेला भराव पुन्हा हाती घेतला. समुद्रात भिंत घालायची आणि बंदरातला गाळ उपसून नळाने भिंतीआड सोडायचा, अशी योजना होती. उपसणारे यंत्र कागदावरच्या हिशेबाच्या मानाने फारच थोडे काम करी, आणि भिंतीच्या फटींतून गाळ पुन्हा समुद्रात निसटे. खर्च भरमसाट वाढला. खुर्शेद नरिमन या वकिलाने हा कारभार चव्हाट्यावर आणला. एका अधिकाऱ्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, त्यातून ते १९२८ मध्ये निर्दोष सुटले. आठांपैकी चारच तुकडे तेव्हा भरले गेले आणि त्यांच्या कडेने मरीन ड्राइव्हचा रस्ता झाला. पुढे भरलेल्या दक्षिण टोकाला नरिमन पॉइंट नाव मिळाले. भरावातला भ्रष्टाचार उघड करणाऱ्याचे नाव भरावालाच द्यावे, ही मुंबईची खास विनोदबुद्धी.

कठड्याखाली चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे पडलेले दिसतात ते टेट्रापॉड. १९५० मध्ये फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या जलविज्ञान प्रयोगशाळेत हा आकार शोधला गेला. सपाट भिंतीवर आपटलेली लाट तशीच परत फिरते, आणि येणारी व परतणारी मिळून भिंतीचा पाया उकरतात. टेट्रापॉड एकमेकांत अडकून बसतात, पण मध्ये पोकळ्या ठेवतात. लाट त्यांत शिरून फुटते आणि तिची ऊर्जा घुसळण्यात संपते. १९२० च्या दशकात भिंतीच्या फटी हा दोष होता. इथे फटी हेच साधन आहे.

मलबार टेकडीवर पोचलो की उत्तर बदलते. ही खरी जमीन. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले, आणि दोन थरांच्या मधल्या निवांत काळात इथे गोड्या पाण्याची तळी साचली. मलबार-वरळीच्या टेकड्यांतील त्या तळ्यांच्या गाळात इवल्याशा बेडकांचे जीवाश्म सापडले. रिचर्ड ओवेनने १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले. आज त्याच टेकडीवर पुन्हा गोड्या पाण्याचे तळे आहे, फक्त ते झाकलेले आहे. हँगिंग गार्डनची हिरवळ हे १८८० च्या दशकातल्या जलाशयाचे छप्पर आहे. झाकल्यामुळे ऊन लागत नाही, शेवाळ वाढत नाही, घाण पडत नाही. आणि उंचीमुळे खालच्या वस्तीत पाणी पंपाशिवाय आपल्या वजनाने उतरते. दर दहा मीटर उंचीला एका वातावरणाइतका दाब, हे सूत्र शिकवायला याहून चांगली जागा मिळणार नाही. २०२३ मध्ये ही टाकी पाडून नवी बांधण्याचा बेत निघाला, तेव्हा कापल्या जाणाऱ्या झाडांसाठी रहिवासी उभे राहिले. त्यामुळे बागेखाली टाकी आहे हे अनेक मुंबईकरांना प्रथमच कळले असावे.

त्याआधी मुंबई विहिरी-तलावांवर जगे. धोबीतलाव, गोवालिया टँक, दोन टाकी ही नावे उरली, पाणी गेले. १८५४ मध्ये पाऊस लांबला, विहिरी आटल्या आणि बाहेरून पाणी आणण्याची पाळी आली. त्यानंतर हेन्री कॉनिबेअरच्या योजनेनुसार मिठी नदीच्या उगमाकडे बांध घालून विहार तलाव केला. १८६० मध्ये तो पुरा झाला. पुढे तुळशी, तानसा, वैतरणा, भातसा अशी तहान लांब लांब गेली. नळ आल्यावर विहिरी नकोशा झाल्या. १९११ मध्ये चार्ल्स बेंटलीने मलेरियाच्या डासांचा माग थेट विहिरींपर्यंत काढला आणि त्या झाकण्या-बुजवण्याची मोहीम सुरू झाली. आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण पावसाचे पाणी थांबायच्या जागाही त्याबरोबर गेल्या.

ते पाणी कुठे जाते हे पाहायला शेवटचा थांबा हाजीअलीचा. वरळी आणि महालक्ष्मीच्या टेकड्यांमधून पूर्वी समुद्र आत घुसत असे आणि भरतीला मध्य मुंबईची सखल जमीन बुडवी. गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात, १७८४ च्या सुमारास, हे खिंडार बांध घालून बंद केले. तोच आजचा हाजीअलीचा रस्ता. बांध पुनःपुन्हा कोसळे, मग एका पाठारे प्रभू बांधकाम करणाऱ्याला देवीने दृष्टांत दिला, समुद्रातून मूर्ती काढून महालक्ष्मीचे देऊळ बांधल्यावरच बांध टिकला, अशी कथा आहे. ती कथा म्हणूनच सांगावी, पण तिच्यातला 'पुनःपुन्हा कोसळे' हा भाग जलविज्ञानाला धरून आहे. खिंडार जसजसे अरुंद होते तसतसे भरतीचे तेवढेच पाणी कमी वाटेतून जावे लागते, म्हणून वेग वाढतो. बांधाचे शेवटचे काही मीटर सर्वांत अवघड असतात. बागेतल्या रबरी नळीच्या तोंडावर बोट दाबून हे लगेच दाखवता येते.

समुद्र अडला, पण आतली जमीन उंच झाली नाही. तिचा काही भाग आजही भरतीच्या पातळीच्या खाली आहे. गटारांची तोंडे भरतीत बुडाली की पावसाचे पाणी बाहेर पडू शकत नाही, उलट समुद्रच आत ढकलू लागतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दुपारी भरती होती. विहारचे जादा पाणी वाहून नेणारी मिठी भरावांनी अरुंद झालेली होती. ती काठ सोडून वस्त्यांत शिरली आणि शेकडो माणसे दगावली. त्यानंतर पर्जन्यजल उपसणारी केंद्रे झाली, आणि पहिल्या दोनांपैकी एक हाजीअलीला आहे. तिथला एकेक पंप सेकंदाला ६,००० लिटर पाणी समुद्रात फेकतो. अठराव्या शतकात बुजवलेल्या खिंडारातूनच आता पाणी यंत्राने बाहेर काढावे लागते.

दर्ग्याची वाट भरतीला पाण्याखाली जाते, म्हणून पाऊणपटीचा हिशेब इथे पुन्हा करून पाहता येईल. शेजारीच नवा किनारी रस्ता आहे. मरीन ड्राइव्ह ते वरळी हा १०.५८ किलोमीटरांचा मार्ग मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्याचा बोगदा मलबार टेकडीच्या पोटातून जातो आणि उरलेल्या भागासाठी शंभर हेक्टरांहून अधिक समुद्र भरला गेला. वरळीला या रस्त्याच्या पुलाचे खांब साठ मीटर अंतरावर घ्यायचे ठरले होते. वरळी कोळीवाड्यातल्या कोळ्यांचे म्हणणे पडले की खवळलेल्या समुद्रात, आडव्या प्रवाहात होडी साठ मीटरांतून सुखरूप नेता येत नाही, ती खांबावर आपटेल. त्यांनी काम अडवले आणि वर्षभराहून अधिक काळ वाद चालला. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये मधला एक खांब वगळून अंतर १२० मीटर करण्याचे मान्य झाले. आज त्या दोन खांबांमधून वरळीच्या होड्या ये-जा करतात.